बांधीतला सावा : कोलोना की क्रस-गॅली?

बांधीकाठ (नागपूर) : मौदा तालुक्यातील आमच्या धानाच्या बांधीत रोवणीनंतर सावा हे गवताचे तण फार माजते. यंदा निंदणाच्या वेळी त्यात दोन प्रकार दिसले : एक धुऱ्यालगत पसरणारा, पानांवर जांभळे आडवे पट्टे असलेला, आणि दुसरा धानातच सरळ वाढून कमरेपर्यंत आलेला. एकिनोक्लोआ कोलोना आणि एकिनोक्लोआ क्रस-गॅली अशी दोन शास्त्रीय नावे वाचनात आली. परंतु उंच झाडांपैकी काहींच्या लोंब्यांना लांब कुसळे आहेत, तर काहींना मुळीच नाहीत. मग ओळखावे तरी कशावरून?

गवतवेडा : कुसळांवर विसंबू नये. कोलोनाला कुसळ नसते हे खरे. पण क्रस-गॅलीचे कुसळ कधी काही सेंटिमीटर लांब असते, तर कधी नसतेच, त्यामुळे बिनकुसळी लोंबी दोहोंपैकी कोणाचीही निघू शकते. लोंबीची एक फांदी तोडून तळहातावर ठेवा. कोलोनाची फांदी साधी, बहुधा १ ते ३ सेंटिमीटर असते आणि तिच्यावरचे बारीक दाणे मोजून बसवल्यासारखे साधारण चार ओळींत दिसतात. क्रस-गॅलीच्या खालच्या फांद्या लांब असून त्यांना बऱ्याचदा उपफांद्या फुटतात, दाणे दाटीने व बेशिस्त बसलेले असतात आणि त्यांवरून बोट फिरवल्यास ताठ केस खरखरीत लागतात. जांभळे पट्टे दिसले तर कोलोना समजण्यास हरकत नाही, मात्र पट्टे नसलेला कोलोनाही पुष्कळ आढळतो.

बांधीकाठ : धुऱ्यावरच्या लोंबीत चार ओळी स्पष्ट दिसल्या. पण पऱ्ह्यातच (रोवणीआधीच्या रोपांतच) सावा ओळखता आला तर निंदणाची मजुरी वाचेल.

उमरेडकर : पऱ्ह्यात या दोघांतला फरक शोधत बसू नका, सावा आणि धान यांतला शोधा. पान जिथे खोडापासून सुटते, तिथे धानाला पातळ पांढरट पडदा असतो. या दोन्ही साव्यांत तो नसतो. आमच्याकडे पऱ्हे खणताना जुन्या बाया जुडी बांधण्याआधी तेवढा सांधा नखाने उघडून पाहतात. ते जमले नाही, तर निदान लोंबी हिरवी असतानाच सावा उपटा, कारण त्याचे दाणे धानाच्या कापणीआधीच पिकून बांधीत गळतात. गंमत अशी की, आपल्याकडे लागवडीत असलेला सावा या रानटी कोलोनापासूनच आला, आणि जपानी सावा क्रस-गॅलीपासून.