डेस्कटॉप रनटाइम प्रोग्रामसोबतच द्यावा की गिऱ्हाइकाला बसवायला लावावा?

पेठकर:
भावाच्या दुकानात नवा पीसी आला. बिलांचा प्रोग्राम उघडला तर ‘डॉटनेट डेस्कटॉप रनटाइम ८ बसवा’ अशी खिडकी. (रनटाइम म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारं आधाराचं सॉफ्टवेअर; डॉटनेट हे मायक्रोसॉफ्टचं.) विंडोज ११ मध्ये जुना डॉटनेट फ्रेमवर्क (४.८ किंवा ४.८.१) आधीपासून असतो, पण त्याचा इथे उपयोग नाही. डॉटनेट ८ वेगळा आणि तो विंडोजसोबत येत नाही. डाउनलोडच्या पानावर एसडीके (प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी), एएसपी डॉटनेट कोअर (वेबसाठी), डेस्कटॉप, नुसता रनटाइम, शिवाय प्रत्येकात प्रोसेसरनुसार एक्स६४ (६४ बिट), एक्स८६ (३२ बिट), आर्म६४. दुकानदाराने यातून काय उचलायचं? ‘सेल्फ-कन्टेन्ड’ची, म्हणजे रनटाइमसकट प्रोग्राम बांधायची सोय असताना तो प्रोग्रामच्या पोटातच द्यावा. सेटअप फुगेल, फुगू दे.

खटपट्या:
साफ असहमत. रनटाइममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं की मायक्रोसॉफ्ट दुरुस्ती काढते, सहसा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. सामायिक (पीसीवर एकदाच बसवलेला, सगळ्यांनी वापरायचा) रनटाइम एकदा सुधारला की त्या आवृत्तीवरचे सगळे प्रोग्राम सुधारतात. पोटातला रनटाइम मात्र नवा सेटअप येईपर्यंत तसाच राहतो. डॉटनेट ६ चा सपोर्ट १२ नोव्हेंबर २०२४ ला संपला. तो पोटात घेऊन विकलेले प्रोग्राम आता कोण शोधत बसणार?

पेठकर:
दुरुस्ती आपोआप यायला विंडोज अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टच्या इतर उत्पादनांचं बटण चालू असावं लागतं. किती दुकानांत ते कुणी पाहिलंय?

रानवारा:
मी दुरुस्तीचीच कामं करतो. खरा घात वेगळाच होतो. ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडत नाही’ असं आलं की लोक त्या नावाने शोधतात, कुठल्यातरी साइटवरून ती एकच फाइल उतरवतात आणि सिस्टम३२ मध्ये चिकटवतात. कृपा करून हे करू नका! त्यात व्हायरस असू शकतो. ही फाइल ज्यात येते ते व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल (सी++ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांचा रनटाइम) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ चंच लागतं, डॉटनेटलाही हाच नियम. पण हे गिऱ्हाइकाला माहीत असायची गरजच काय? काय कमी आहे ते सेटअपनेच तपासावं आणि बसवावं. इनो सेटअप या सेटअप बनवायच्या साधनात हे जमतं, करणाऱ्याने थोडे कष्ट घ्यावेत.

खटपट्या:
रानवारा, +१. रनटाइमचा ऑफलाइन इन्स्टॉलर सोबत दिला की नेटचीही अडचण नाही.

पेठकर:
तरी तो बसवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतोच. मोठ्या ऑफिसात तो टेबलावरच्या क्लार्ककडे नसतो, आयटीवाल्याची वाट बघत काम अडतं. सेल्फ-कन्टेन्ड प्रोग्राम फोल्डर कॉपी करूनही चालतो. माझं मत कायम.