दोन मोडलेल्या बँडमधले चौघे एकत्र आलो आहोत. पहिल्या अल्बमआधी काय ऐकावे?

धागाकर्ता

नमस्कार. पुण्यातल्या दोन वेगवेगळ्या रॉक बँडमध्ये आम्ही चौघे सात-आठ वर्षे वाजवत होतो. गेल्या वर्षभरात दोन्ही बँड मोडले. एकातले गायक आणि ड्रमवादक, दुसऱ्यातला बेसवादक आणि गिटार वाजवणारा मी, असे आम्ही जानेवारीपासून एकत्र तालीम करत आहोत आणि पावसाळा संपला की आठ गाण्यांचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करण्याचा विचार आहे. अडचण अशी आहे, की प्रत्येक जण जुन्या सवयीने वाजवतो, त्यामुळे दोन गाणी एकावर एक चढवल्यासारखी ऐकू येतात. शिवाय मी जुन्या बँडसाठी लिहिलेली दोन गाणी या अल्बममध्ये घ्यावीत की नाही, यावर आमचे एकमत होत नाही.

नावाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेल्या कलाकारांनी मिळून केलेला पहिला अल्बम, ज्यातून आम्हाला काही शिकता येईल, असा कृपया सुचवावा. लांबलचक यादी नको. दोन-तीन नावे पुरेत, पण त्यात नेमके काय ऐकायचे, तेही सांगावे.

प्रतिसाद १

तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर मला एकच नाव आठवले, ते म्हणजे बॅड कंपनीचा १९७४ चा पहिला अल्बम. त्याचे नावही बँडचेच आहे. गायक पॉल रॉजर्स आणि ड्रमवादक सायमन कर्क हे फ्री नावाच्या बँडमधून आले, गिटारवादक मिक राल्फ्स मॉट द हूपलमधून आणि बेसवादक बॉझ बरेल किंग क्रिमसनमधून. म्हणजे गायक आणि ड्रमवाला एका घरचे, बाकीचे दोघे बाहेरचे, ही मांडणी जवळजवळ तुमच्यासारखीच आहे.

हा अल्बम इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, मोठ्या घरात, बाहेर उभ्या केलेल्या रॉनी लेनच्या फिरत्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ती वेळ खरे तर लेड झेपेलिनने घेतलेली होती. त्यांचे काम लांबणीवर पडले आणि दोन्ही बँडचा व्यवस्थापक पीटर ग्रँट हाच असल्यामुळे मोकळे दिवस या नव्या चौघांना मिळाले. गाणी आठच आहेत आणि सगळा अल्बम सुमारे ३५ मिनिटांत संपतो. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर गेला, पण तुमच्या कामाची गोष्ट ती नाही. तुमच्या कामाची गोष्ट अशी, की या अल्बममध्ये कोण केव्हा वाजवत नाही, हे ऐकण्यासारखे आहे.

बँडच्याच नावाचे जे गाणे आहे, ते हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला नुसता पियानो आहे. गिटारवाला घाई करत नाही. रॉजर्सची ओळ संपते, तिची आस विरते आणि मगच पुढचा ठोका पडतो. कर्कच्या ड्रममध्ये दाखवेगिरी जवळजवळ नाही. तो ठेका धरतो आणि मधली जागा रिकामी ठेवतो. ही सवय त्याने आणि रॉजर्सने फ्रीमधून आणली होती. बरेलची गोष्ट तर आणखी वेगळी. तो किंग क्रिमसनमध्ये गायक म्हणून गेला आणि बेस त्याला तिथे रॉबर्ट फ्रिपने शिकवला. हातात वाद्य येऊन फार वर्षे झाली नव्हती, तरी जमेल तेवढेच आणि जिथे हवे तिथेच वाजवल्यामुळे या चौघांत तो कुठेही उपरा वाटत नाही.

जुन्या गाण्यांविषयी. ‘रेडी फॉर लव्ह’ हे राल्फ्सचे गाणे मॉट द हूपलच्या १९७२ च्या अल्बममध्ये आधी येऊन गेले होते आणि तिथे ते त्याने स्वतः गायले होते. तेच गाणे त्याने बॅड कंपनीत पुन्हा घेतले आणि गाण्याचे काम रॉजर्सवर सोपवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. शब्द आणि चाल तीच आहे, तरी दुसऱ्यात गाण्याचा भार गिटारवरून आवाजावर आला आहे. आपले गाणे दुसऱ्याच्या गळ्यात देताना लिहिणाऱ्याला बरेच सोडून द्यावे लागते आणि ते सोडल्यामुळेच हे गाणे नव्या बँडचे झाले, असे माझे ठाम मत आहे. (पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या निधनानंतर, २००५ मध्ये क्वीनसोबत दौऱ्यावर गेलेला गायक तो हाच रॉजर्स. तिथेही त्याने फ्रेडीची नक्कल केली नाही, स्वतःच्याच आवाजात गायला.)

प्रतिसाद २

वरील सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्याच्या जोडीला ऑडिओस्लेव्हचा २००२ चा पहिला अल्बम ऐकावा. साउंडगार्डन १९९७ मध्ये मोडला होता; २००० मध्ये गायक बाहेर पडल्यावर रेज अगेन्स्ट द मशीनचे टॉम मोरेलो, टिम कॉमरफोर्ड आणि ब्रॅड विल्क हे तिघे उरले. निर्माता रिक रुबिनच्या सांगण्यावरून त्यांनी साउंडगार्डनच्या ख्रिस कॉर्नेलबरोबर वाजवून पाहिले आणि १९ दिवसांच्या तालमीत २१ गाणी तयार झाली.

इथली अडचण तुमच्या अडचणीच्या फार जवळची आहे. रेजचा आधीचा गायक लयीत बोलल्यासारखे गायचा, त्यामुळे खालून गिटारचा जोरकस रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) सतत चालू राहिला तरी बिघडत नसे. कॉर्नेलच्या लांब, चढत जाणाऱ्या सुरांखाली तसे चालले नसते. ‘लाइक अ स्टोन’मध्ये कडवे चालू असताना मोरेलो किती मागे सरकतो ते पाहा, आणि आपली पेडलवरची (पायाने आवाज बदलायच्या यंत्रावरची) ओळखीची करामत तो सोलोपर्यंत कशी राखून ठेवतो तेही. उलट ‘कोचीस’च्या सुरुवातीला हेलिकॉप्टरसारखी जी घरघर ऐकू येते, ती त्याने तारांवर पेन्सिल आपटून गिटारवरच काढली आहे. म्हणजे त्याने स्वतःची ओळख पुसलेली नाही; ती कुठे दिसावी, ते फक्त ठरवले आहे.

दोषही सांगितला पाहिजे. १४ गाणी आणि ६५ मिनिटे ही लांबी जास्त झाली आहे. उत्तरार्धात मधल्या वेगाची गाणी एकमेकांसारखी वाटू लागतात. तुमचा आठ गाण्यांचा बेत मोडू नका.

प्रतिसाद ३

एशियाचा १९८२ चा पहिला अल्बम विसरू नये. जॉन वेटन, स्टीव्ह हाव, कार्ल पामर आणि जेफ डाउन्स या चौघांपैकी बहुतेकांची आधीची ख्याती लांबलचक रचनांसाठी होती, तरीही इथे त्यांनी आटोपशीर गाणी केली आणि अल्बम अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. रचना कशी कापावी, हे त्यातून शिकता येते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल तालमीच्या खोलीत ‘रेडी फॉर लव्ह’च्या दोन्ही आवृत्त्या चौघांनी मिळून ऐकल्या. दुसरी संपल्यावर आमच्या गायकाने विचारले, की माझ्या गाण्याची पट्टी त्याच्या गळ्यासाठी दोन सूर खाली आणली तर चालेल का. गेले चार महिने मी याच गोष्टीला नाही म्हणत होतो. काल हो म्हणालो.

आता दोन शंका आहेत. कार्यक्रमात लोक जुन्या बँडची गाणी मागतात, तेव्हा काय करावे? आणि बॅड कंपनीच्या पहिल्याच गाण्यातली गिटार इतकी भरीव कशी वाजते? मी तेच कॉर्ड धरले, तर माझी गिटार कोरडी ऐकू येते.

प्रतिसाद १

पहिल्या शंकेसाठी ब्लाइंड फेथचे उदाहरण पाहा. क्रीममधले एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर, ट्रॅफिकमधला स्टीव्ह विनवुड आणि फॅमिलीमधला रिक ग्रेच असे चौघे १९६९ मध्ये एकत्र आले. त्या वर्षी जूनमध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला आणि सहा गाण्यांचा अल्बमही निघाला, जो मला अजूनही फार प्रिय आहे. पण पुढे अमेरिकेच्या दौऱ्यात पुरेशी नवी गाणी हाताशी नसल्यामुळे आणि श्रोत्यांच्या आग्रहामुळे क्रीम आणि ट्रॅफिकची गाणी वाजवावी लागली. तो दौरा संपला आणि बँडही संपला. ऑडिओस्लेव्हने नेमके उलटे केले. सुरुवातीच्या कार्यक्रमांत त्यांनी दोन्ही जुन्या बँडची गाणी बाजूला ठेवली आणि २००५ मध्ये दुसरा अल्बम येण्याच्या सुमारास ती वाजवायला घेतली. माझा सल्ला असा, की पहिले वर्षभर फक्त नवी गाणी आणि तुम्ही नव्याने बांधलेली ती दोन एवढीच वाजवा. कार्यक्रम चाळीस मिनिटांचा झाला तरी चालेल.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. राल्फ्सने ‘कान्ट गेट इनफ’साठी गिटार ओपन सी पद्धतीने लावली होती. या पद्धतीत एकही बोट न ठेवता तारा छेडल्या, तरी सी मेजर वाजतो, त्यामुळे मोकळ्या तारा कॉर्डभोवती घुमत राहतात. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारवर ती घुमणारी भर मिळत नाही. सर्वांत जाड तार मात्र ई वरून सी पर्यंत उतरवावी लागते आणि ती सैल पडून फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते. त्या जागी एक-दोन नंबर जाड तार घाला आणि छेडताना हात हलका ठेवा. गाण्यासाठी दुसरी गिटार आधीच लावून बाजूला ठेवता आली तर फारच चांगले, कारण दोन गाण्यांच्या मध्ये एवढ्या तारा उतरवत बसलात, तर त्या पुढच्या गाण्यात हमखास बेसूर होतात.

एशियाविषयी वर लिहिले आहे ते योग्यच आहे, पण त्यात कीबोर्डचे थर पुष्कळ आहेत आणि तुमच्याकडे कीबोर्ड नाही. तो अल्बम जरूर ऐका, पण ध्वनिमुद्रण झाल्यावर.

धागाकर्ता

जाड तारेचा संच आज संध्याकाळी आणतो. शनिवारच्या तालमीत पट्टी उतरवलेले गाणे आधी पियानोवर आणि आवाजावरच बसवून पाहणार आहोत. मी दुसऱ्या कडव्यापर्यंत गिटारला हात लावायचा नाही, असे ठरले आहे.