'ड्रुइड'ला मराठीत काय म्हणावं?

फासा
आमच्या गटात डन्जन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन खेळायचा खेळ) मराठीतून चालतं, सूत्रधार मी. योद्धा, चोर, जादूगार, पुजारी यांची सोय झाली. ड्रुइडपाशी गाडं अडलं. मी 'वनऋषी' केलं होतं. पहिल्याच डावात ते पात्र घेतलेल्या मुलीने विचारलं, "मग मला शाप देता येईल का?" ऋषी म्हटलं की कमंडलू, तपोभंग, शाप हे ओघाने आलंच. हे पात्र तसं नाही. ते अस्वल होतं, लांडगा होतं, वेलींकडून शत्रूचे पाय बांधून घेतं, धातूचं चिलखत अंगाला लावत नाही. या मंडळींची आपसातली एक गुप्त भाषाही असते. आणि ती ना राजाच्या बाजूची, ना गावाच्या. रानाचा तोल जो बिघडवेल त्याला आडवी येतात. पात्राच्या कागदावर मावेल असा शब्द सुचवा.

तत्सम
द्रुविद. 'ड्रुइड'चा उत्तरार्ध म्हणजे 'विद्', वेदातला तोच धातू. पूर्वार्धाचा संबंध ओकच्या झाडाशी लावतात, आणि तो आपल्या द्रुम, दारु, देवदार यांच्या गोतावळ्यातला. झाड जाणतो तो द्रुविद. खरे ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. सीझर लिहितो की गॉलमधले (आजच्या फ्रान्सकडचे) काही ड्रुइड 20 वर्षं शिकत, पद्यं मुखोद्गत करत आणि ही विद्या लिहून ठेवणं गैर मानत. आपल्या घनपाठींना हे वेगळं सांगायला नको. सख्ख्या नात्यातला शब्द असताना उसना कशाला घ्यायचा?

जुनी_वही
'विद्' मान्य. पूर्वार्धाबद्दल मात्र एकमत नाही. तिथे झाड नसून 'पक्का, पुरा' असा जोर देणारा अर्थ आहे, असंही म्हणतात. शिवाय घाईत 'द्रुविद' वाचणारा दहापैकी नऊ वेळा 'द्रविड' वाचेल.

पायवाट
पण द्रविडच असेल तर? आमचे मामा ठामपणे सांगायचे की हे लोक इथूनच तिकडे गेले.

जुनी_वही
मामांचा आदर ठेवून सांगतो, नाही. द्रविडचं नातं दमिळ, तमिळ यांच्याशी आहे. नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती लावायला लागलो तर कशाचंही काहीही होईल.

करवंद
तुम्ही सगळे धातूंत अडकलात. ड्रुइड काम काय करतो ते बघा. आमच्या गावात (राजापूरकडे) देवराईतलं वाळकं लाकूडसुद्धा कोणी घरी नेत नाही. देवळाच्या दुरुस्तीला एक वासा हवा होता, तर आधी कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं आणि सगळे खाली बसले. बराच वेळ काही नाही. मग डावीकडचं फूल पडलं. विषय संपला, वासा बाहेरून विकत आणला. सरपंचही काही बोलला नाही. रान आणि गाव यांच्या मधे उभा राहून 'नाही' म्हणू शकणारा माणूस, तोच तुमचा ड्रुइड. गुरव म्हणा.

तत्सम
गुरव ही जात आहे, अनेकांचं आडनाव आहे. त्याला लांडगा कसा करणार?

ओवी
मग भगत? डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर झाडपाला, देवदेवस्की, आजारपण सगळं त्याच्याकडेच.

करवंद
भगत आजही पाड्यावर आहे, लोक त्याच्याकडे जातात. त्याला खेळातलं सोंग करू नका. गुरवाबद्दल हाच आक्षेप कोणी घेतला तर तोही मला मान्य आहे. पण मधे उभं राहण्याचा अर्थ सोडू नका.

फासा
करवंद, तो अर्थ खेळात आहेच. 1978 च्या नियमांत बाराव्या पायरीवर नऊच ड्रुइड, तेराव्यावर तीन, चौदाव्यावर एक. वर जायचं तर आधीच्याला द्वंद्वात हरवायचं. म्हणजे तो नुसता निसर्गभक्त नाही, अधिकारपद आहे. म्हणून 'राईकर' कसा वाटतो?

तत्सम
राईकर हे तर थेट आडनावच झालं.

जुनी_वही
'निसर्गपूजक' हे रूपही बरंचसं अलीकडचं आहे. सीझरचे ड्रुइड न्यायनिवाडा करत, त्यांना लढाई आणि कर माफ. अठराव्या शतकात विल्यम स्टुकलीसारख्या इंग्रज पुराणवस्तू-अभ्यासकांनी त्यांना स्टोनहेंजमध्ये, इंग्लंडमधल्या त्या उभ्या दगडांच्या वर्तुळात, नेऊन बसवलं, आणि ते दगड तर त्यांच्याआधी दोनेक हजार वर्षांचे. झाडांबद्दलचा मोठा पुरावा म्हणजे रोमन लेखक थोरला प्लिनी: चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढतो, सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो, खाली ते पांढऱ्या कापडात झेलतात, मग दोन पांढरे बैल बळी देतात.

ओवी
बांडगूळ?! आपल्याकडे ती शिवी आहे.

पायवाट
आणि हापूसवाल्यांना विचारा ती का आहे! ओढून काढलं तर पुन्हा फुटतं, फांदीसकट कोयतीने उतरवावं लागतं. त्याला कोण सोन्याचा विळा लावेल?

जुनी_वही
प्लिनीचं बांडगूळ वेगळं, विस्कम प्रजातीतलं. आंब्यावर सहसा दिसतं ते नळीसारख्या नारिंगी फुलांचं, दुसऱ्या प्रजातीचं. विस्कमचे भाऊबंद सह्याद्रीतही आहेत.

करवंद
पण दोन्हींना 'बांडगूळ' हेच नाव बरोबर. हिवाळ्यात ओकची पानं झडतात आणि त्यावर हे एकटंच हिरवं राहतं, म्हणून त्यांना ते दैवी वाटलं असणार. आपल्याकडे आंबा बारमाही हिरवा, तिथे त्याचं काय कौतुक?

फासा
मंडळी, शनिवारी डाव आहे. तूर्त कागदावर 'राईकर' लिहितो. त्या मुलीला तो पसंत आहे, फक्त स्त्रीलिंगी रूप हवं म्हणते.

तत्सम
राईकरीण. पण मी अजूनही द्रुविदा म्हणेन.

पायवाट
जुनी_वही, ते सह्याद्रीतलं विस्कम साधारण कुठल्या झाडावर बघायचं?