मदत हवी आहे: एकाच डेटावर दोन टी-टेस्ट, दोन उत्तरं. कुठलं धरू?

रोपटं:

नमस्कार मंडळी,

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. आकडेमोडीशी माझं फार सख्य नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

प्रकल्प साधा आहे. घेवड्याची रोपं, दोन गट. गट अ नुसत्या मातीत, गट ब मातीत कंपोस्ट मिसळून. 21व्या दिवशी उंची मोजली, सेंटिमीटरमध्ये.

गट अ: 40 रोपं, सरासरी 18.2, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत) 2.4
गट ब: 20 रोपं, सरासरी 20.2, एसडी 5.0

एक्सेलमध्ये टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का, हे तपासणारी चाचणी) करताना 'टाइप' विचारतात. 2 टाकलं (दोन्ही गटांचं व्हेरिअन्स, म्हणजे एसडीचा वर्ग, समान) तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) 0.04. 3 टाकलं (व्हेरिअन्स असमान) तर 0.10. म्हणजे एकीकडे फरक 'सिग्निफिकंट' (0.05 च्या खाली), दुसरीकडे नाही! गाईड म्हणाले, 0.04 वालं लिही आणि पुढे चल. मन मानत नाहीये. बरोबर उत्तर कुठलं, आणि का?

आगाऊ धन्यवाद.

घंटाकृती:

दोघांतलंच एक निवडायचं तर 3. त्याला वेल्चची चाचणी म्हणतात, 1947 सालची. टाइप 2 म्हणजे मूळ स्टुडंटची चाचणी. 'स्टुडंट' हे विल्यम गॉसेट यांचं टोपणनाव. ते गिनेस या बिअर कंपनीत नोकरीला होते आणि 1908 मध्ये त्यांनी या नावाने लेख छापला. मोजकी निरीक्षणं हातात असताना निष्कर्ष कसा काढायचा, ही त्यांची अडचण होती. तुमचीही तीच आहे.

आता 'का'. स्टुडंटची चाचणी दोन्ही गटांचा विखुरलेपणा एकत्र करून एकच आकडा काढते, आणि त्यात मोठ्या गटाचं वजन जास्त पडतं. तुमचा मोठा गट अ शिस्तीत आहे (2.4), छोटा गट ब सैरभैर (5.0). अ ची शिस्त ब च्याही खात्यात जमा होते. फरकाची प्रमाण त्रुटी (त्या फरकाच्या अंदाजातली अनिश्चितता) 0.95 दिसते, ती खरं तर 1.18 आहे. टी (फरक भागिले प्रमाण त्रुटी) 2.10 येतो, तो 1.69 यायला हवा.

याचा परिणाम असा, की कंपोस्टने काहीही फरक पडत नसला तरी अशा आकड्यांवर टाइप 2 ची चाचणी शंभरातून पाचदा नव्हे, दहाच्याही वर वेळा 'फरक आहे' म्हणून ओरडेल. दोन्ही गट सारख्या आकाराचे असते तर हा घोळ बराच कमी झाला असता. छोटा गट जास्त विखुरलेला असणं, हीच सगळ्यात वाईट जोडी.

'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वेल्चच डीफॉल्ट आहे. आधी लेव्हीनची चाचणी (व्हेरिअन्स समान आहेत का हे बघणारी) करून मग ठरवायचं, असं काही ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. सॅम्पल लहान असेल तर व्हेरिअन्समधला फरक लेव्हीनच्या हाती लागत नाही. सरळ वेल्च करा. व्हेरिअन्स समान असले तरी फारसं बिघडत नाही.

आणि दोन्ही चाचण्या करून आवडेल ती पी-व्हॅल्यू उचलायची हे तर नकोच. चाचणी आकडे बघण्याआधी ठरवायची असते.

सांख्यिकीप्रेमी:

वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं) नसेल तर मान-व्हिटनी (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांवर चालणारी चाचणी) करून बघा. त्यात कसलीच गृहीतकं नसतात.

जुना_खडू:

सांख्यिकीप्रेमी, असतात हो. निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असली पाहिजेत, हे गृहीतक तिथेही आहेच. शिवाय ती चाचणी सरासऱ्यांची तुलना करत नाही. एका गटातलं रोप दुसऱ्या गटातल्या रोपापेक्षा उंच निघण्याकडे कल आहे का, हे ती बघते. विखुरलेपणा इतका वेगळा असताना दोन्ही प्रश्न एकच मानता येत नाहीत.

रोपटं, माझे दोन प्रश्न आहेत, आणि चाचणीच्या नावापेक्षा मला ते महत्त्वाचे वाटतात. ही 60 रोपं 60 कुंड्यांत होती का? आणि एका गटात 40, दुसऱ्यात 20 असं का?

रोपटं:

नाही, एका कुंडीत 5 रोपं. सुरुवातीला दोन्ही गटांत 8-8 कुंड्या होत्या, चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. ब मधल्या 4 कुंड्यांत बुरशी लागून रोपं मेली, म्हणून त्या वगळल्या. हे लिहायला हवं होतं का?

जुना_खडू:

तेच तर पहिलं लिहायला हवं होतं :)

कंपोस्ट तुम्ही रोपाला दिलं नाही, कुंडीला दिलं. एका कुंडीतली पाच रोपं तीच माती, तेच पाणी, तोच उजेड वाटून घेतात. त्यांना पाच स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल लिहिताना या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' हे नाव दिलं, म्हणजे खोटी पुनरावृत्ती. तुमच्याकडे 40 आणि 20 निरीक्षणं नाहीत, 8 आणि 4 आहेत. प्रत्येक कुंडीची सरासरी काढून इथे टाका.

रोपटं:

गट अ: 16.6, 19.7, 18.0, 17.1, 19.5, 18.6, 17.3, 18.8
गट ब: 16.1, 24.3, 22.6, 17.8

ब मधल्या 24.3 आणि 22.6 वाल्या दोन्ही कुंड्या खिडकीच्या बाजूला होत्या. हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं.

जुना_खडू:

या बारा आकड्यांवर वेल्च केली. फरक तोच, 2 सेंमी. प्रमाण त्रुटी 1.98, टी 1.01, डिग्रीज ऑफ फ्रीडम (विखुरलेपणाचा अंदाज किती स्वतंत्र माहितीवर उभा आहे) जेमतेम 3.3, पी-व्हॅल्यू 0.38 च्या आसपास. 95 टक्के विश्वासांतर (आकड्यांशी जुळणाऱ्या फरकांचा पल्ला) साधारण -4 ते +8 सेंमी.

अहवालात हे अंतर जरूर द्या. कंपोस्टने रोपं 8 सेंमीने वाढली असतील किंवा 4 सेंमीने खुंटली असतील, दोन्हीशी तुमचे आकडे जुळतात. त्यामुळे 0.38 वरून 'कंपोस्टचा परिणाम नाही' असं लिहू नका. 'या प्रयोगातून ठरवता आलं नाही' असं लिहा. परीक्षक हटकून इथेच पकडतात.

आता बुरशी. मेलेल्या चारही कुंड्या एकाच गटातल्या आहेत. उरलेली रोपं ही तगून राहिलेली रोपं, त्यांची सरासरी अ च्या सगळ्या रोपांशी ताडणं मुळातच तिरकं आहे. कोण जाणे, उंचीपेक्षा हाच तुमचा खरा निकाल असेल. 8 पैकी 4 विरुद्ध 8 पैकी 0, यावर फिशरची अचूक चाचणी (लहान संख्यांच्या अशा तुलनेसाठीची) 0.077 ही पी-व्हॅल्यू देते. ठाम काही नाही, पण वगळून टाकण्यासारखंही नाही. ही तुलना आधी ठरलेली नव्हती, आकडे बघून सुचली, हे मात्र सोबत लिहा.

घंटाकृती:

मान्य. मी रोपांची संख्या न विचारता तशीच धरली, चूक माझी. मिक्स्ड मॉडेलमध्ये (कुंडी-कुंडीतला फरक आणि रोपा-रोपातला फरक वेगळा मोजणारं मॉडेल) कुंडी हा रँडम घटक घेऊनही हे करता येईल, पण प्रत्येक कुंडीत सारखीच पाच रोपं असल्याने कुंडीची सरासरी घेतलेली पुरते. समजावून सांगायलाही सोपी.

रोपटं:

थोडं रडू आलं, पण कळलं. गाईडना विश्वासांतर दाखवलं, ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पुढच्या सत्रात परत कर. मग आता किती कुंड्या घेऊ?

जुना_खडू:

ढोबळ सूत्र: प्रत्येक गटात 16 गुणिले व्हेरिअन्स, भागिले शोधायच्या फरकाचा वर्ग. यातून साधारण 80 टक्के पॉवर (फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता) मिळते. दोन्ही गटांतल्या कुंड्यांच्या व्हेरिअन्सची सरासरी 8.2 येते, फरक 2 सेंमी. म्हणजे गटाला 33 कुंड्या, पाच-पाच रोपांच्या. (ब चं व्हेरिअन्स चारच कुंड्यांवरून काढलंय, तेव्हा हात जरा सैल ठेवा.)

रोपटं:

66 कुंड्या! टेबलावर 16 मावतात.

जुना_खडू:

मग कुंड्या सोडा, छोटे कप घ्या आणि एका कपात एकच रोप लावा. रोपांच्या व्हेरिअन्सची सरासरी 15.4 धरली तर गटाला 62 कप. एकूण 124 रोपं, आणि आधीच्या हिशेबात ती 330 होती. मोजायचं कामही कमी. कपांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलत राहा, म्हणजे खिडकीचा प्रश्न मिटेल. आणि बुरशी लागलेला कप फेकण्याआधी वहीत नोंदवा.