मारत नाही, पण सतत धाकात ठेवतो. हा छळ म्हणायचा का?

प्रश्न: मैत्रिणीचा नवरा हात उगारत नाही, म्हणून ती याला छळ मानत नाही. पण पगाराचं कार्ड त्याच्याकडे, फोन स्पीकरवरच घ्यायचा, दहा मिनिटं उशीर झाला की उलटतपासणी. मी काय बोलू, काय करू?

प्रतिसाद १: छळच आहे. प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली की किरकोळ वाटते, म्हणूनच तो लवकर ओळखू येत नाही. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये हेच मांडलं: मारहाण नसली तरी पैसा, वेळ, माणसं यांवर ताबा मिळवून स्वातंत्र्य काढून घेतलं जातं. साध्या भांडणात दोघंही उलट बोलतात. इथे एकजण आधी दुसऱ्याचा चेहरा वाचतो, मग तोंड उघडतो. ती एकटी असताना विचारा, "त्याला नाही म्हटलंस तर काय होतं?" त्याला नावं ठेवू नका, ती त्याचीच बाजू घेईल आणि पुढे सांगणं बंद करेल.

प्रतिसाद २: "सोडून दे" असा आग्रह नको. ताबा सुटतोय हे नवऱ्याला कळतं, म्हणून बायको घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा. आधी तयारी. ओळखपत्रांच्या प्रती, औषधं, जादा किल्ली, थोडी रोख तुमच्याकडे ठेवा. एक साधा शब्द ठरवा. तो मेसेज आला की तुम्ही पोलिसांना फोन करायचा. हेल्पलाइनला तिने तुमच्या फोनवरून बोलावं. तिच्या फोनमध्ये पाळतीचं अ‍ॅप सापडलं तर घाईने काढू नका: त्याला सुगावा लागतो, पुरावाही जातो. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात थांबायचं नाही, दाराजवळ राहायचं.

प्रश्नकर्ती: मागे एकदा त्याने गळा धरला होता, असं ती ओझरतं बोलली. "खूण पण नाही उठली," म्हणाली.

प्रतिसाद ३: मग हे "हात उगारत नाही" राहिलं नाही. गळा दाबल्यावर अनेकदा बाहेर खूण उठत नाही, आतल्या रक्तवाहिनीला मात्र इजा झालेली असू शकते आणि त्रास काही दिवसांनीही उद्भवतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ, आणि डॉक्टरांना "गळा दाबला होता" असं स्पष्ट सांगायचं. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे खून होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला. हेल्पलाइनवर ही गोष्ट सगळ्यांत आधी सांगा. तारीख, वेळ आणि त्याचे नेमके शब्द आजच लिहून ठेवा, पण तुमच्या घरी.