ओपन गाडीत मागून येणारा वारा: घरीच पारदर्शक पाटी करू का?

खाडीकाठचा: मंडळी, जुनी बीएमडब्ल्यू झेड४ घेतलीय, दोन सीटांची. छत उघडून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की वारा समोरून नाही, मागून मानेवर येतो. बायकोची ओढणी सारखी तोंडावर! सीटांमागच्या दोन हूपांमध्ये (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानी) पाटी बसवायचीय. नेमप्लेटवाल्याकडे ३ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा पडलाय. चालेल?

जेटीवाला: ॲक्रिलिक नको हो. भोक पाडताना तडकतं, आणि फुटलंच तर धारदार तुकडे थेट मानेमागे. भरीव पॉलिकार्बोनेट घ्या, ४-५ मिमी. शेडवर घालतात ते पोकळवालं नको, आरपार नीट दिसत नाही. आधी पुठ्ठा कापून हूपांवर धरून बघा. भोक बोल्टपेक्षा २-३ मिमी मोठं ठेवा, खाली रबरी वॉशर. उन्हात शीट वाढते. मीटरभर लांबीला ३० अंशांच्या फरकात जवळपास २ मिमी. बोल्ट ३१६ स्टेनलेसचेच, आपल्या खाऱ्या हवेत साध्यांचा काय भरवसा!

मिऱ्याकर: थिनरने पुसाल तर शीटवर बारीक चिरांचं जाळं पडेल. साबणपाणी बास. उंची हेडरेस्टपर्यंतच, आरशात मागचा ट्रक दिसायला हवा.

खाडीकाठचा: फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आहे माळ्यावर. रविवारी मापं घेतो. शीटची यूव्हीवाली बाजू, म्हणजे उन्हापासून वाचवणारा थर असलेली, कुठे ठेवू?

जेटीवाला: बाहेर, उन्हाकडे. फिल्मवर छापलेलं असतं, सोलण्याआधी खूण करा.