झाडणं, लोटणं आणि पुसून काढणं : पाडव्याआधीच्या घरकामाचे शब्द

पेठकरी :
रंगपंचमी होऊन गेली, गुढीपाडवा जवळ आला आहे. मधल्या दिवसांत कोल्हापुरात घरोघरी माळे रिकामे होतात, भिंती झाडल्या जातात, गच्च्या धुतल्या जातात. आमच्याकडं या कामात एका शब्दावर चर्चा अडकली आहे. आई म्हणते, "सोपा लोटून घे." सोपा म्हणजे घराची पुढची खोली. बायकोचं माहेर पुण्याचं, ती म्हणते, "हॉल झाडून घेते." झाडू तोच, फरशी तीच. मग लोटणं हा झाडण्याला आपल्या भागातला दुसरा शब्द आहे, की दोन्हींत फरक आहे? आणि फरक असेल तर झाडलोट म्हणजे नेमकं काय? जाणकारांनी सांगावं.

गंगावेस :
फरक आहे, आणि तो अजून बोलण्यात जिवंत आहे. लोटणं म्हणजे ढकलणं. आपण दार लोटतो, जत्रेला गर्दी लोटते, मध्ये बरीच वर्षं लोटतात. जमिनीवरचा केर ढकलत ढकलत उंबऱ्याबाहेर नेणं, ते लोटणं. म्हणून हा शब्द जमिनीपुरताच राहिला. सोपा लोटतात, अंगण लोटतात, परडं म्हणजे परसदार लोटतात. भिंत कुणी लोटत नाही.

झाडणं म्हणजे झटकून, आपटून धूळ पाडणं. चादर झाडतात, चप्पल झाडतात, पुस्तकं झाडतात, तुळईवरची जळमटं झाडतात. पोलीस घराची झाडाझडती घेतात तीही यातलीच, एकेक वस्तू उचलून हलवून बघायची.

आता झाडलोट. या जोडशब्दात आधी झाड, मग लोट, आणि कामाचा क्रमही तोच. वरून खाली यायचं. काठीला केरसुणी बांधून आधी छत, मग भिंती, मग फडताळं आणि तसबिरींच्या मागची बाजू. हे सगळं जमिनीवर पडलं की मग लोटायचं. उलट केलं तर जमीन दोनदा करावी लागते. माझ्या मते 'साफसफाई' या एका शब्दानं आपलं नुकसान केलं ते इथं. त्यात काम कळतं, पण कुठून सुरू करायचं ते कळत नाही. झाडलोट म्हटलं की क्रमही हातात मिळतो.

तुमच्या सौभाग्यवतींचंही चुकलेलं नाही. पुण्याकडं झाडणं दोन्ही कामांना चालतं. आपल्याकडं मात्र वेगवेगळी क्रियापदं टिकली आहेत, ती आईंच्या तोंडून मुलांच्या कानावर पडत राहावीत असं मनापासून वाटतं.

मिरजकर :
आमच्याकडं 'केर काढणे' आणि 'केर लोटणे' दोन्ही चालतं. सकाळच्या रोजच्या कामाला आजी 'केरवारे' म्हणायची. मोठ्या आवराआवरीला तो शब्द कधी वापरला नाही. आणि झाडू हा शब्द तिच्या तोंडी नव्हताच. शिंदीच्या पानांची ती केरसुणी, नारळाच्या हिरांचा तो खराटा. केरसुणी घरात, खराटा अंगणात.

वाकळ :
मिरजकर दादा, आमच्या गावाकडं, कागल बाजूला, म्हाताऱ्या बायका 'साळुता' म्हणतात. "साळुता घे आन् सोपा लोट" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आहे.

लोटण्याच्या पुढची पायरी अजून कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. ती सारवणं. आमचं जुनं घर मातीच्या जमिनीचं आहे. पाडव्याआधी तिथं नुसतं वरून सारवून भागत नाही. वर्षभराचे थर चढून पोपडे सुटलेले असतात, ते आधी खरवडून काढायचे. जिथं खड्डा पडला असेल तिथं ओली माती भरून चोपण्यानं चोपायची. ती सुकली की शेणात पाणी घालून काला करायचा. फार पातळ झाला तर जमिनीला धरत नाही, घट्ट राहिला तर वाळल्यावर भेगा पडतात. आई कोपऱ्यातल्या भिंतीपासून सुरुवात करते आणि उंबऱ्याकडं मागं मागं सरकत येते. उजवा हात जेवढा पोचेल तेवढ्या अर्धगोलात फिरतो, पुढचा अर्धगोल आधीच्याच्या कडेवर थोडा चढतो. वाळल्यावर बोटांच्या रेघा तशाच दिसतात. कोणती खोली आईनं सारवली आणि कोणती काकूनं, ते त्या रेघांवरून ओळखता येतं.

पोतेरं म्हणजे वेगळं. चूल, जोतं, भिंतीची खालची पट्टी यांना ओल्या फडक्यानं पातळ हात द्यायचा, तो पोतेरा, आणि ते फडकं म्हणजे पोतेरं. "आयुष्याचं पोतेरं झालं" म्हणतात त्यात ते दिवसभर ओलं, मळलेलं, कोपऱ्यात टाकलेलं फडकं आहे. 'सारवासारव' मात्र सारवण्याला थोडी अन्याय करणारी वाटते. चांगलं सारवण भेगा झाकत नाही, आधी भरून काढतं.

पेठकरी :
वाकळताई, फार छान सांगितलंत. अजून एक शंका. आई फरशीला कधी "पुसून घे" म्हणते, कधी "पुसून टाक", कधी "पुसून काढ". यातही काही ठरलेलं आहे का?

गंगावेस :
आहे, आणि मला तर मराठीतली ही सगळ्यात सुंदर सोय वाटते. मुख्य क्रियापद एकच, मागून लागणाऱ्या छोट्या क्रियापदानं कामाची खोली ठरते.

"ओटा पुसून घे" म्हणजे पुढं काहीतरी करायचं आहे, त्याची तयारी म्हणून पूस. भाकरी थापायच्या आहेत, पापड लाटायचे आहेत. घेणं आपल्या सोयीसाठी असतं. "ओटा पुसून टाक" म्हणजे एकदाचं उरकून मोकळा हो. टाकण्यात ते काम अंगावरून उतरवणं आहे. "ओटा पुसून काढ" म्हटलं तर मात्र कानाकोपरा आला, शेगडी उचलणं आलं, मागच्या फटीतलं तेल आलं. काढण्यात आतलं काहीतरी बाहेर यायला हवं. म्हणूनच घासून काढतात, खरवडून काढतात, शोधून काढतात, आणि वळीव कोसळला की "पावसानं रस्ते धुऊन काढले" म्हणतात. "बोलून घे" आणि "बोलून टाक" होतं, पण "बोलून काढ" कुणी म्हणत नाही, कारण तिथं आतून ओढून बाहेर आणायचं काही नाही.

म्हणजे रोज पुसून घ्यायचं, पाहुणे दारात असतील तर पुसून टाकायचं, पाडव्याला पुसून काढायचं. आईंचं बोलणं नीट ऐका, त्या हे तीन शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरणार नाहीत.

गडहिंग्लजकर :
घर उन्हाळ्याला तयार करायचं म्हणजे नुसती धूळ नव्हे. 'ऊन दाखवणं' विसरू नका. गाद्या, घोंगडी, वाकळा, तांदूळ, डाळी यांना ऊन दाखवतात. ओले कपडे वाळत घालतात, त्यांना कुणी ऊन दाखवत नाही. जे कोरडं आहे पण थंडीत दमट झालं, किंवा ज्यात कीड लागेल, त्याला ऊन दाखवायचं. नैवेद्य दाखवणं, धूप दाखवणं यातलं 'दाखवणं' इथंही तसंच, थोडा वेळ समोर धरून परत घेण्याचं. तांदूळ फार वेळ कडक उन्हात राहिला तर दाणा तडकतो, म्हणून तिथं 'दाखवणं' हाच शब्द नेमका बसतो.

आणि चटणी. कोल्हापूरबाहेरच्यांना चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढायची वाटते. आमच्याकडं ते वर्षाचं तिखट, कांदा-लसूण आणि मसाले घालून कांडलेलं. "यंदा चटणी कधी करायची?" हा प्रश्न मार्च-एप्रिलातला. आमच्या बाजारात संकेश्वरी मिरची येते, रंगासाठी ब्याडगी घेतात. मिरची उन्हात इतकी कडकडीत व्हायला हवी की दाबली तर मोडली पाहिजे, मऊ लागली तर डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, नीट कुटली जात नाही. म्हणूनच गच्ची आधी धुऊन काढावी लागते. मिरची, सांडगे, कुरडया, सगळं तिथंच पसरायचं असतं. दुपारनंतर एक डोळा आभाळाकडं ठेवायचा, वळवाचा भरवसा नाही.

मिरजकर :
या सगळ्या कामाला मिळून एक शब्द आहे का? बेगमी चालेल?

गंगावेस :
बेगमी म्हणजे साठवण, पावसाळ्यासाठी भरून ठेवणं. चटणी-कुरडयांना चालेल, झाडलोटीला नाही. शिवाय कोल्हापुरात वर्षाची सगळ्यात मोठी धुणी नवरात्राआधी निघतात. घट बसण्याआधी घरातलं अंथरूण-पांघरूण पंचगंगेच्या घाटावर जातं. त्या मानानं पाडव्याचं काम हलकं. पाडव्यानंतर चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव. ज्यांच्याकडं यात्रेचे पाहुणे उतरतात त्यांना घर तेव्हा परत एकदा लागतं. त्या वेळी घरावरून 'हात फिरवला' तरी पुरतं. मला 'पाडव्याची आवराआवर' एवढंच म्हणणं बरं वाटतं. सगळ्याला एकच शब्द शोधत बसण्यापेक्षा वाकळताईंनी सांगितले तसे एकेका कामाचे शब्द लिहून ठेवू या.

वाकळ :
मग हा एक घ्या, 'कौलं चाळणं'. यातलं चाळणं म्हणजे हलवणं, जागचं काढून परत बसवणं. मे महिन्यात माणूस पाख्यावर चढतो, एकेक कौल उचलतो, खालचा पाला आणि मातीची भर झाडतो, फुटकं बाजूला ठेवून नवं बसवतो. आमच्याकडं हे काम कधीच झाडलोटीच्या आधी करत नाहीत असं म्हणणार होते, पण आईला विचारलं तर ती म्हणाली, ज्या वर्षी कौलं चाळायची असतात त्या वर्षी माळा त्यानंतरच झाडायचा. वरची सगळी माती माळ्यावरच उतरते. गंगावेस काका, तुमचा वरून खाली यायचा क्रम इथंही लागू पडतो. 'शाकारणी' हा शब्द कुणाकडं ऐकलाय का? आणि तुमच्या भागात तो कौलांना म्हणतात की गवताच्या छपराला, तेही सांगा.